अल्पखर्ची भूतबाधापटांतील वैविध्य आणि प्रतिनिधित्व : खान्देशच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

चित्रपट हा समाजमनाचा आरसा आहे, असे विधान आपल्या वर्गांतून आणि चर्चासत्रांतून वारंवार केले जाते. या आरशात कोण दिसते, कोणत्या रूपात दिसते आणि कोणाचे प्रतिबिंब केवळ भय उत्पन्न करण्यासाठी वापरले जाते, हा प्रश्न मात्र तुलनेने कमी विचारला जातो. अभिजात व समांतर चित्रपटांच्या बाबतीत या दिशेने पुष्कळ अभ्यास झाला आहे. परंतु तालुक्याच्या चित्रपटगृहात, जत्रेतील तंबूत आणि पुढे व्हिडिओ पार्लरमध्ये ज्या चित्रपटांना खरी गर्दी झाली, त्या अल्पखर्ची भयपटांकडे अभ्यासकांनी बहुधा हसण्यावारी नेण्याचा विषय म्हणूनच पाहिले. प्रस्तुत लेखात या भयपटांतील एका उपप्रकाराचा, म्हणजे भूतबाधेवर आधारलेल्या चित्रपटाचा, प्रतिनिधित्वाच्या अंगाने विचार केला आहे.

हा विचार जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात करण्यास कारण आहे. अंगात येणे, बाहेरची बाधा होणे, भगताकडे नेणे हे शब्द येथे केवळ पडद्यावरचे नाहीत. ते घराघरांतील व्यवहाराचे शब्द आहेत. सातपुड्याच्या पट्ट्यात ‘डाकीण’ हा शब्द तर एखाद्या स्त्रीचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकतो. अशा भूप्रदेशात पडद्यावरील मांत्रिक आणि चेटकीण कोणत्या समाजाच्या रूपात दाखवले जातात, हा प्रश्न निव्वळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही.

संकल्पना

विवेचनाच्या सोयीसाठी येथे ‘भूतबाधापट’ ही संज्ञा वापरली आहे. ज्या चित्रपटाच्या कथेचा कणा एखाद्या परक्या शक्तीने जिवंत व्यक्तीच्या देहाचा ताबा घेणे आणि तो ताबा सोडवणे हा असतो, तो भूतबाधापट. केवळ भूत दिसणे वा वास्तू पछाडलेली असणे हा याचा शेजारचा प्रकार आहे; दोहोंची सरमिसळ होत असल्यामुळे त्याचीही काही उदाहरणे पुढे घेतली आहेत.

‘वैविध्य’ आणि ‘प्रतिनिधित्व’ या दोन संज्ञा अनेकदा समानार्थी म्हणून योजल्या जातात. त्यांत भेद करणे आवश्यक आहे. पडद्यावर निरनिराळ्या जाती, जमाती, धर्म, वयोगट, शरीरे आणि बोली दिसणे हे वैविध्य होय. त्या व्यक्तींना स्वतःचे नाव, स्वतःचे म्हणणे आणि कथेच्या निर्णयात वाटा मिळणे हे प्रतिनिधित्व होय. पहिले असूनही दुसरे नसणे शक्य आहे. भूतबाधापट हे त्याचे ठळक उदाहरण आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

अल्पखर्चाचे अर्थकारण

भूतबाधापट अल्प खर्चात तयार होऊ शकतो, याची कारणे त्याच्या रचनेतच आहेत. त्याला एक घर, मोजकी पात्रे, रात्र आणि ध्वनी पुरेसे असतात. अदृश्य शक्ती दाखवावी लागत नाही; ती नटीच्या आवाजातून व अंगविक्षेपांतून सूचित होते. अमेरिकेत सॅम रायमी यांचा ‘द एव्हिल डेड’ (१९८१) तरुण मित्रांच्या लहानशा चमूने जंगलातील एका झोपडीभोवती उभा केला. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ (२००७) सुमारे १५ हजार डॉलर खर्चून स्वतःच्या घरातच चित्रित केला. आपल्याकडे रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वर येथे मुक्काम करून, कुटुंबातील मंडळींनी बहुतेक कामे आपसांत वाटून घेऊन पूर्ण केला आणि त्यापुढील दोन दशके हीच पद्धत वापरली.

असा चित्रपट विकला कोठे जात असे, हेही पाहिले पाहिजे. मुंबईतील मोठी चित्रपटगृहे त्याला दुर्मीळ होती. निर्मात्याचा खर्च निघत असे तो व्यापाराच्या भाषेत ज्यांना ‘बी’ आणि ‘सी’ केंद्रे म्हणतात, अशा जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतून. या व्यापाराच्या नकाशावर खान्देशाचे स्थान कडेचे नाही. सी. पी. बेरार, सेंट्रल इंडिया आणि राजस्थान या क्षेत्रांतील वितरक-प्रदर्शकांची संघटना असलेल्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे केंद्र भुसावळ हे राहिले आहे. मुंबईत तयार झालेल्या चित्रपटाचे मध्य भारतातील भवितव्य ज्या ठिकाणी ठरत असे, त्यांत आपल्या जिल्ह्यातील या रेल्वे जंक्शनचा समावेश होता. लगतच्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावने तर शेख नासिर यांच्या ‘मालेगाव के शोले’पासून (२०००) स्वतःचा अल्पखर्ची चित्रपटही उभा केला.

अर्थात, अल्पखर्ची चित्रपटाचा ग्राहक लहान गावातील, शेतमजूर, विणकर, हमाल, विद्यार्थी असा होता. तथापि त्याच चित्रपटातील भयाचा उगमही बहुधा त्याच्यासारख्याच माणसांत, त्याच्या डोंगरात, त्याच्या देवस्थानात शोधला गेला. तिकीट ज्याचे, त्याचाच चेहरा राक्षसाला दिला गेला. ही विसंगती समजून घेण्यासाठी भूतबाधापटाची अंतर्गत रचना तपासावी लागते.

तीन जागा : देह, आत्मा आणि उतारा

कोणत्याही भूतबाधापटात तीन जागा भराव्या लागतात. पहिली, ज्याला बाधा होते तो देह. दुसरी, देहात शिरणारा आत्मा. तिसरी, बाधा उतरवणारी व्यक्ती. प्रतिनिधित्वाचा प्रश्न या तीन जागांवर कोणाला बसवले जाते, या प्रश्नात सामावलेला आहे.

(अ) देह : ही जागा प्रायः तरुण स्त्रीची असते. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) या चित्रपटातील बारा वर्षांच्या मुलीपासून ‘वीराना’ (१९८८) मधील जास्मीन, राम गोपाल वर्मा यांच्या ‘भूत’ (२००३) मधील स्वाती आणि विक्रम भट्ट यांच्या ‘१९२०’ (२००८) मधील लिसापर्यंत ही परंपरा अखंड दिसते. अमेरिकन अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, अशा चित्रपटांत बाधा स्त्रीला झाली तरी कथा प्रत्यक्षात तिच्याभोवतीच्या पुरुषाच्या मनोव्यथेची असते. स्त्री किंकाळ्या फोडते. बदलतो तो पती, पिता वा पुरोहित. मराठीत याचे उलट टोकही पाहावयास मिळते. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि त्याला लक्ष्याचा देह हवा असतो. ‘पछाडलेला’ (२००४) मध्येही पछाडला जाणारा पुरुष आहे. हे दोन्ही चित्रपट विनोदी आहेत. पुरुषाला पछाडले की हसू येते, स्त्रीला पछाडले की भय वाटते, हा संकेत प्रेक्षकांनी इतका आत्मसात केला आहे की तो संकेत आहे, हेही जाणवत नाही.

(आ) आत्मा : ही जागा समाजव्यवस्थेने ज्यांना बाहेर ठेवले त्यांची असते. अपमानित स्त्री, अकाली मेलेली बाळंतीण, विधवा, सूड घेणारा मांत्रिक, जंगलातील उपासक असे हे चेहरे. रामसे चित्रपटाचा भूगोलच या दृष्टीने बोलका आहे. अलीकडे ठाकूरांची हवेली आणि पलीकडे वस्तीबाहेरची टेकडी, स्मशान वा जंगल. ‘बंद दरवाजा’ (१९९०) मधील काली पहाडी हे त्याचे नमुनेदार उदाहरण. येथेच शरीरवैशिष्ट्याचा प्रश्नही उपस्थित होतो. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधील सामरी आणि ‘बंद दरवाजा’मधील पिशाच या दोन्ही भूमिका अनिरुद्ध अगरवाल या असामान्य उंचीच्या नटाने केल्या. महागडे मुखवटे परवडत नसताना वेगळे शरीर हाच तयार मुखवटा ठरला. वेगळ्या शरीराचा मनुष्य अल्पखर्ची भयपटात दिसतो. परंतु प्रियकर, शिक्षक वा शेजारी म्हणून सहसा दिसत नाही.

(इ) उतारा : ही जागा प्रतिष्ठेची आहे, कारण चित्रपटाचा अखेरचा शब्द येथून उच्चारला जातो. ‘पुराना मंदिर’मध्ये शिवाचे त्रिशूळ, ‘१९२०’मध्ये हनुमान चालिसा, ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये कॅथलिक धर्मगुरू ही साधने पाहता, बाधा उतरवण्याचा अधिकार बहुसंख्याकांच्या मान्यताप्राप्त श्रद्धेकडे जातो आणि बाधा घडवण्याचे सामर्थ्य अमान्य श्रद्धेकडे राहते, अशी विभागणी आढळते. ‘भूत’मध्ये ही जागा रेखा यांनी साकारलेल्या सरिता या स्त्रीकडे देण्यात आली, हा उल्लेखनीय अपवाद होय. डॉक्टर वा मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक चित्रपटांत येतो. पण तो हरण्यासाठीच येतो. त्याचा पराभव ही कथेची गरज असते. अन्यथा मांत्रिकाचा प्रवेशच होऊ शकत नाही.

वैविध्य पुरेसे का नाही?

वरील रचना पाहून असा उपाय सुचणे स्वाभाविक आहे की, वंचित समाजातील कलावंतांना अधिक भूमिका द्याव्यात म्हणजे प्रश्न सुटेल. हा उपाय अपुरा का आहे, याचे उद्बोधक उदाहरण अमेरिकेत घडले. १९७४ मध्ये विल्यम गर्डलर यांनी ‘ॲबी’ नावाचा अल्पखर्ची भूतबाधापट दिग्दर्शित केला. त्यातील प्रमुख पात्रे कृष्णवर्णीय होती. बाधा झालेली स्त्री, तिचा पाद्री पती आणि बाधा उतरवणारा विद्वान धर्मोपदेशक हे सारे त्याच समाजाचे. पडद्यावरील वैविध्याच्या निकषावर हा चित्रपट त्या काळात पुढारलेला ठरावा. परंतु तिच्या देहात शिरणारी दुष्ट शक्ती कोणती? तर पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांची ‘एशू’ ही देवता. म्हणजे ज्या लोकांना पडद्यावर मध्यवर्ती स्थान मिळाले, त्यांच्याच पूर्वजांच्या दैवताला सैतान ठरवून ते स्थान देण्यात आले. पुढे वॉर्नर ब्रदर्स कंपनीने ‘द एक्झॉर्सिस्ट’ची नक्कल केल्याचा दावा लावला आणि ‘ॲबी’ चित्रपटगृहांतून काढून घेण्यात आला. मूळ ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्येही दुष्ट शक्ती इराकमधील उत्खननातून येते, हे विसरता येत नाही.

यावरून एक सूत्र मांडता येते. देहाच्या आणि उताऱ्याच्या जागा बदलल्या, तरी आत्म्याची जागा जोवर ‘पलीकडच्या’ माणसासाठी राखीव आहे, तोवर प्रतिनिधित्व बदलत नाही. आपल्याकडील ‘पलीकडचा’ मनुष्य आफ्रिकेतला नसतो. तो डोंगरावरचा असतो.

खान्देशातील वास्तव

खान्देशात देहाचा ताबा घेतला जाण्याचे दोन भिन्न अनुभव लोकमानसाने ओळखले आहेत. श्रावणात कानबाईच्या उत्सवात वा देवीच्या जागरणात एखाद्या स्त्रीच्या अंगात येते. त्या घटकेला सासू, दीर, गावातील प्रतिष्ठित तिच्यापुढे हात जोडतात; तिला गाऱ्हाणे विचारतात. एरवी घरात ज्या स्त्रीचे मत कोणी विचारीत नाही, तिचा शब्द त्या वेळी आज्ञा ठरतो. मानवशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९७१ च्या ग्रंथात जगभरातील उदाहरणांवरून असे प्रतिपादन केले की, दुर्बल घटकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, अंगात येणे हा अनेकदा आडवळणाने केलेला निषेध असतो. दुसरा अनुभव याच्या विरुद्ध आहे. त्याच स्त्रीला ‘बाहेरचे’ लागले असे ठरले की, तिचे बोलणे तिचे राहत नाही. ते भुताचे ठरते आणि मार तिच्या पाठीवर पडतो. देवी आली तर शब्दाला मान, भूत लागले तर शब्दाला मार; स्त्री तीच.

भूतबाधापटाने या दोन अनुभवांपैकी जवळजवळ नेहमी दुसरा निवडला. पहिला अनुभव पौराणिक व भक्तिपर चित्रपटांकडे गेला. परिणामी स्त्रीच्या अंगात येण्यातील गाऱ्हाण्याचा भाग गळून पडला आणि भीतीचा भाग तेवढा उरला.

डोंगरपट्ट्यात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. धुळे जिल्ह्यातील शिरपूर, जळगावमधील चोपडा, यावल, रावेर आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा आणि इस्लाम धर्म पाळणारे तडवी अशा जमातींचे वास्तव्य आहे. भिल्ल-पावरा समाजातील ‘बडवा’ हा पूजाविधी करणारा, वनौषधी जाणणारा, आजार व संकटाचे कारण सांगणारा माणूस आहे. त्याचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. कारण एखाद्या स्त्रीला डाकीण ठरवण्याच्या प्रक्रियेत त्याच्या शब्दाला वजन राहिले आहे, हेही सत्य आहे. परंतु चित्रपटातील कवट्यांच्या माळा घातलेला, अर्धनग्न, अगम्य भाषेत ओरडणारा मांत्रिक हा बडवा नव्हे. तो वेशभूषाकाराच्या पेटीतून निघालेला आदिवासी आहे. त्याला कुटुंब नाही, शेत नाही, नाव नाही.

‘डाकीण’ ठरवली गेलेली स्त्री बहुधा एकटी, वृद्ध, विधवा वा अपत्यहीन असते; आणि गावात आजार पसरणे, मूल दगावणे, जनावर मरणे यांचा दोष तिच्या माथी मारला जातो. क्वचित तिच्या नावावरील जमीन हेही त्यामागील कारण असते. आता ‘वीराना’च्या प्रारंभीचा प्रसंग आठवावा. ठाकुराचा धाकटा भाऊ चेटकिणीला युक्तीने पकडतो, गाव एकत्र येते आणि तिला फाशी दिली जाते. कथेच्या आत ती खरोखरच चेटकीण असल्यामुळे प्रेक्षकाला या कृत्याचे समाधान वाटते. पडद्यावरची डाकीण नेहमी खरी निघते, हाच या चित्रप्रकाराचा सर्वांत घातक संकेत होय. आरोप खोटा असू शकतो, या शक्यतेला त्याच्या कथानकात जागाच नसते. आणि प्रत्यक्ष जीवनात तर आरोप नेहमी खोटाच असतो.

चित्रपट पाहून लोक स्त्रियांना मारतात, असा सरळ कार्यकारणभाव येथे सुचवायचा नाही. डाकीण प्रथा चित्रपटाहून पुष्कळ जुनी आहे. परंतु जुन्या समजुतीला नवे, देखणे आणि वारंवार दिसणारे चित्र पुरवण्याचे कार्य पडदा करतो, एवढे निश्चित म्हणता येईल.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली; त्यानंतर प्रथम वटहुकूम आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. या कायद्याच्या अनुसूचीतील पहिली नोंद भूतबाधापटाच्या अभ्यासकाने अवश्य वाचावी. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधून ठेवणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, केस बांधून टांगणे, तापलेल्या वस्तूचे चटके देणे यांचा तीत समावेश आहे. एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा आरोप करून तिला मारहाण करणे वा तिची धिंड काढणे हेही गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे. ही यादी आणि भूतबाधापटातील उताऱ्याचे ठरावीक दृश्य शेजारी ठेवून पाहिल्यास दोहोंतील साम्य लपत नाही. कायद्याने जे अमानुष ठरवले, ते पडद्यावर दीर्घकाळ उपचार म्हणून दाखवले गेले.

उपचाराचा मुद्दा दुर्लक्षिता येणार नाही. जळगावलगतच्या बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेला सर्व धर्मांचे लोक मानसिक व्याधीग्रस्त आप्तांना घेऊन जातात. तेथे जाणाऱ्या कुटुंबाला आपण केवळ अडाणी म्हणून मोकळे होऊ शकत नाही. मानसोपचार दूर असतो, दर्गा जवळ असतो. सुधीर कक्कर यांनी १९८२ च्या ग्रंथात राजस्थानातील बालाजी मंदिरातील बाधित व्यक्तींचा अभ्यास करताना, रुग्णाला कुटुंबासह सामावून घेणाऱ्या अशा स्थळांचे मानसशास्त्रीय कार्य समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. भूतबाधापटात मात्र ना हे कुटुंब दिसते, ना अंतराची ही अडचण. तेथे डॉक्टर हरतो तो औषध उपलब्ध नाही म्हणून नव्हे, तर आजारच खोटा आणि भूतच खरे म्हणून.

अपवाद आणि शक्यता

अल्पखर्ची चित्रपटाकडून याहून वेगळी अपेक्षा करणे अवास्तव आहे, असा आक्षेप संभवतो. ठरावीक साचे वापरल्याखेरीज कमी पैशांत चित्रपट पूर्ण होत नाही, हे अंशतः मान्य करावे लागेल. परंतु मोजक्या साधनांतही वेगळी मांडणी शक्य असल्याचे दोन चित्रपटांवरून सिद्ध होते.

पहिला, अरुणा राजे आणि विकास देसाई यांचा ‘गहराई’ (१९८०). याच्या लेखनात विजय तेंडुलकर यांचा सहभाग होता. कुटुंबप्रमुख वडिलोपार्जित जमीन विकतो आणि पुढे त्याच्या मुलीला बाधा होते. डॉ. श्रीराम लागू यांनी पित्याची व पद्मिनी कोल्हापुरे यांनी मुलीची भूमिका केली आहे. ताबा घेतलेल्या मुलीच्या मुखातून जे बाहेर पडते, ते शिव्याशाप नसून त्या पित्याने पूर्वी आपल्या जमिनीवर राबणाऱ्या माणसाच्या घरावर केलेल्या अन्यायाचा पाढा असतो. देहाची जागा येथेही मुलीचीच आहे, मांत्रिकही आहेत. परंतु आत्म्याच्या जागेवरील व्यक्तीला तक्रार आहे, त्या तक्रारीला कारण आहे आणि आरोपी दिवाणखान्यात बसलेला आहे. भयाचा उगम डोंगरात नसून सातबाऱ्यात आहे.

दुसरा, विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७). हा पछाडलेल्या स्थळाचा चित्रपट आहे. पूजा सावंत यांनी साकारलेली गर्भवती नायिका उसाच्या शेतातील एकाकी घरात येते. एक घर, ऊस आणि मोजकी पात्रे एवढ्यावर तो उभा आहे. त्यातील बालभुते भीतिदायक वाटतात. परंतु कथा उलगडते तसे लक्षात येते की, खरे क्रौर्य मुलींचा जीव घेणाऱ्या जिवंत माणसांचे आहे. दिग्दर्शकाने याच कथेवर पुढे हिंदीत ‘छोरी’ (२०२१) केला. साधनांची काटकसर या चित्रपटाच्या आड आली नाही.

या दोन्ही चित्रपटांनी आत्म्याला बोलू दिले. संवादाला वेगळा खर्च येत नाही. महागडे असते ते दृश्यचमत्कार. एखाद्या पात्राला नाव, कारण आणि चार वाक्ये देण्यासाठी लेखकाची इच्छा तेवढी लागते. म्हणूनच अल्पखर्च ही सबब प्रतिनिधित्वाच्या अभावाचे समर्थन करू शकत नाही. खान्देशच्या दृष्टीने अजून एक गोष्ट आहे : भाषा. हिंदी भयपटात नोकर आणि गावकरी एका ठरावीक ‘गावंढळ’ बोलीत बोलतात. ती प्रत्यक्षात कोणत्याही गावाची नसते. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी बोलणारा माणूस या पडद्यावर भयभीत होतानाही स्वतःच्या भाषेत ओरडत नाही. आज मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चित्रण करणाऱ्या येथील तरुणांना ही उणीव भरून काढणे शक्य आहे, मात्र सामरीचा साचा त्यांनी अहिराणीत भाषांतरित करू नये.

अध्यापनातील उपयोजन

मराठी, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि माध्यमविद्या या विषयांच्या अध्यापकांना या चित्रपटांचा उपयोग करून घेता येईल. विद्यार्थी हे चित्रपट पाहतातच. ते टाकाऊ आहेत असे सांगून त्यांचे पाहणे थांबत नाही. त्याऐवजी कोणताही एक भूतबाधापट घेऊन पुढील प्रश्न विचारावेत. बाधा कोणाला झाली आणि ती व्यक्ती शुद्धीवर असताना तिचे किती ऐकले जात होते? आत्मा कोणाचा, त्याला नाव आहे काय, त्याची तक्रार काय आणि ती खरी ठरते काय? उतारा कोणी केला आणि त्याला हा अधिकार कोणी दिला? उताऱ्यातील कोणती कृती २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा ठरेल? शेवटी, हीच घटना आपल्या गावात घडली तर त्या व्यक्तीला प्रथम कोठे नेले जाईल आणि जवळचा मानसोपचार किती अंतरावर आहे?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क आहे. वर्गातील एखाद्या विद्यार्थिनीच्या घरी ‘बाहेरचे लागले’ म्हणून कोणी कोंडलेले असू शकते. तिला उपदेशाच्या मार्गाने बोलते करणे अवघड. एका चित्रपटाच्या निमित्ताने ती बोलू शकेल. अध्यापकाने मात्र तिच्या घरच्यांच्या श्रद्धेची टवाळी टाळली पाहिजे. टवाळी झाली की ती पुन्हा बोलणार नाही.

समारोप

अल्पखर्ची भूतबाधापटात वैविध्याची वाण नाही. त्यात स्त्रिया आहेत, वृद्धा आहेत, आदिवासी आहेत, वेगळ्या शरीराची माणसे आहेत. परंतु त्यांना आत्म्याच्या जागेवर बसवून त्यांचा शब्द काढून घेतला आहे. प्रतिनिधित्वाची कसोटी पडद्यावर कोण दिसतो ही नसून, कोणाची तक्रार ऐकली जाते ही आहे. ‘गहराई’ आणि ‘लपाछपी’ यांनी ती ऐकण्यास मोठे भांडवल लागत नाही, हे दाखवून दिले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी शिकवणाऱ्या आपणा सर्वांना हा प्रश्न परका मानता येणार नाही. कारण पडद्यावर चेटकिणीला फाशी होताना टाळ्या वाजवणारा प्रेक्षक आणि गावात एखाद्या वृद्धेकडे संशयाने पाहणारा गावकरी हे पुष्कळदा एकच असतात, आणि त्यांची मुले आपल्याच वर्गात बसतात.